घरचे गुलाबपाणी: उकळलेले पाणी, अर्क आणि टिकवण्याचा प्रश्न

तुमच्या प्रश्नाचा सारांश असा आहे: कुंडीतले आणि काही हारवाल्याकडून आणलेले गुलाब घेऊन त्यांच्या पाकळ्या तुम्ही पाण्यात उकळल्या, गाळलेले गुलाबी पाणी स्प्रेच्या बाटलीत भरले आणि काही दिवस चेहऱ्यावर वापरले. त्यानंतर पाण्याला आंबूस वास येऊ लागला, तळाशी पांढरट तंतू दिसले आणि गालांवर बारीक पुरळ आले. आता त्यात तुरटी, लिंबाचा रस किंवा व्हिटॅमिन ईची कॅप्सूल घातल्यास ते टिकेल का, आणि मोगरा, जास्वंद व झेंडू यांचेही असे पाणी करता येईल का, हे तुम्हाला जाणून घ्यायचे आहे.

सुगंधी वनस्पतींचे ऊर्ध्वपातन करणे, म्हणजे त्यांची वाफ थंड करून अर्क काढणे, आणि त्वचेसाठी साधी प्रसाधने तयार करणे हे माझे रोजचे काम आहे. त्या अनुभवावरून आधी एक गोष्ट सांगते. तुमचा प्रश्न वरवर पाहता 'काय घालू म्हणजे टिकेल' असा आहे, परंतु खरी अडचण त्याच्या आधीच्या टप्प्यावर आहे. तुम्ही जे पाणी केले ते मुळातच दुधाइतके नाशवंत होते आणि ते महिनाभर टिकणाऱ्या पाण्यासारखे वापरले गेले. म्हणून पाकळ्या तोडण्यापूर्वीच ठरवावे की आपल्याला दोन दिवसांत संपवण्याचे पाणी करायचे आहे की काही आठवडे ठेवण्याचे. भांडे, फूल, बाटली आणि त्यात काय घालायचे हे सर्व त्या एका निर्णयावर अवलंबून असते.

पाकळ्या उकळल्यावर मिळतो तो काढा. पाकळ्यांमधील रंग, साखर, अमिनो आम्ले, टॅनिन असे पाण्यात विरघळणारे सर्व काही त्यात उतरते आणि सुगंधाचा मोठा भाग मात्र वाफेबरोबर स्वयंपाकघरात उडून जातो. म्हणजे त्वचेसाठी हवा असलेला सुगंध गेला आणि जिवाणू व बुरशी यांना आवडणारे अन्न बाटलीत राहिले. अर्क म्हणजे ऊर्ध्वपातित गुलाबपाणी याच्या नेमके उलट असते. उडून जाणारी ती वाफच आपण थंड करून गोळा करतो. साखर, टॅनिन आणि रंगद्रव्ये वाफेबरोबर वर चढत नाहीत, ती पातेल्यातच राहतात. त्यामुळे खरा अर्क पाण्यासारखा रंगहीन असतो. बाजारातील गुलाबपाणी गुलाबी दिसत असेल, तर तो रंग वरून घातलेला आहे असे समजण्यास हरकत नाही.

गुलाबाच्या बाबतीत अर्काला आणखी एक अनुकूल गोष्ट आहे. गुलाबाच्या सुगंधातील फिनाइल इथाइल अल्कोहोल हा महत्त्वाचा घटक पाण्यात बऱ्यापैकी विरघळतो आणि ऊर्ध्वपातनात त्याचा बराचसा भाग तेलात न जाता पाण्यातच राहतो. म्हणूनच गुलाबपाण्याचा वास ताज्या फुलाच्या वासाला इतका जवळचा वाटतो. तेलाची अपेक्षा मात्र घरी करू नये. अत्तरासाठी वापरल्या जाणाऱ्या दमास्क गुलाबाच्या साधारण ३,५०० ते ४,००० किलो फुलांतून एक किलो तेल मिळते. या हिशेबाने पाव किलो पाकळ्यांतून फार तर एखाद-दोन थेंब निघतील आणि तेही पाण्यावर पुसटशा तवंगाच्या रूपात दिसले तरच दिसतील.

काढा निरुपयोगी आहे असे मात्र मी म्हणणार नाही. त्यातील टॅनिनमुळे तो किंचित तुरट असतो आणि मुलतानी मातीत किंवा बेसनात कालवण्यासाठी चांगला असतो. फक्त तो त्या दिवसापुरताच करावा, फ्रिजमध्ये ठेवल्यास दुसऱ्या दिवशी संपवावा आणि स्प्रेच्या बाटलीत कधीच भरू नये. ज्यांना एवढेच हवे आहे त्यांना ऊर्ध्वपातनाचा खटाटोप करण्याची गरज नाही.

आता फुलांविषयी. हारवाल्याकडील किंवा पुष्पगुच्छातील गुलाब त्वचेसाठी घेऊ नयेत. मावळ-तळेगावच्या पॉलिहाउसमधील लांब देठाचे गुलाब टिकण्यासाठी आणि दिसण्यासाठी निवडलेले वाण असतात. त्यांना वास जवळजवळ नसतो आणि फूल खाण्यासाठी किंवा त्वचेसाठी वापरले जाईल असे गृहीत धरून त्यांवर फवारण्या होत नाहीत. काही कीटकनाशके वाफेबरोबर अर्कातही येऊ शकतात, त्यामुळे उकळल्यावर सर्व निघून जाते हा समज चुकीचा आहे. तुमच्या कुंडीतील देशी गुलाब मात्र योग्य आहे, जर त्याला खरोखर वास असेल आणि किमान काही आठवडे त्यावर कोणतेही औषध मारलेले नसेल. फूल सकाळी ऊन चढण्यापूर्वी, दव सुकता सुकता तोडावे आणि त्याच दिवशी वापरावे. ऊन वाढते तसा पाकळ्यांतील सुगंध झपाट्याने कमी होतो, आणि अत्तरांसाठी प्रसिद्ध असलेल्या उत्तर प्रदेशातील कन्नौज परिसरातही गुलाबाची तोडणी पहाटेच उरकतात ती याच कारणाने. कुंडीतून एका वेळी पाव किलो पाकळ्या मिळणे अवघड आहे हे मला ठाऊक आहे. तसे असेल तर थोड्या पाकळ्यांचा थोडा अर्क करावा, परंतु चार दिवसांची कोमेजलेली फुले साठवून एकत्र करू नयेत.

मोगऱ्याला वास भरपूर असला तरी त्याचा सुगंध फार नाजूक असतो. उष्णतेने तो बदलतो आणि घरगुती अर्कात त्याची फिकी छटाच उरते. करून पाहायचाच असेल तर संध्याकाळी टपोऱ्या कळ्या आणून, त्या रात्री उमलल्यावर लगेच मंद आचेवर लावाव्यात. जास्वंद आणि गोकर्ण यांना सुगंधच नाही, त्यामुळे त्यांचा अर्क म्हणजे केवळ इंधन खर्चून मिळवलेले साधे पाणी. जास्वंदीचा उपयोग तिच्या चिकट द्रवात आहे आणि तो केसांसाठी पाकळ्या-पाने वाटून ताजाच घ्यावा. केवड्याचा अर्क उत्तम होतो. ओडिशातील गंजम जिल्ह्यात त्याचा मोठा व्यवसाय आहे आणि आपल्याकडे गणपतीच्या दिवसांत मिळणारे कणीसही चालते, पण त्याचा वास इतका तीव्र असतो की चेहऱ्यासाठी तो बराच पातळ करावा लागतो. झेंडू मात्र मी चेहऱ्यासाठी अजिबात सुचवणार नाही. झेंडूच्या सुगंधी तेलातील काही घटक त्वचेवर असताना ऊन लागल्यास त्वचा भाजल्यासारखी होऊ शकते, आणि शेवंती-झेंडूच्या कुळातील फुलांची स्पर्श-ॲलर्जीही बऱ्याच जणांना असते. कण्हेर, बिट्टी, धोतरा आणि रुई ही विषारी फुले आहेत, त्यांना हातच लावू नये.

ऊर्ध्वपातनासाठी काचेची उपकरणे लागतात असे नाही. सहा-सात लिटरचे स्टीलचे रुंद पातेले घ्यावे, मध्यभागी स्टीलची तिवई ठेवावी आणि तिच्यावर अर्क गोळा करण्यासाठी रुंद तोंडाचे स्टीलचे भांडे ठेवावे. तिवईभोवती पाव किलो पाकळ्या पसराव्यात आणि त्या जेमतेम तरंगतील इतके, साधारण एक लिटर, पाणी ओतावे. पाण्याची पातळी गोळा करण्याच्या भांड्याच्या काठापेक्षा बरीच खाली असली पाहिजे, नाहीतर उकळी येताच काढा अर्कात उडतो आणि केलेले सर्व वाया जाते. पातेल्याच्या तोंडावर नीट बसेल अशी गोल बुडाची कढई सरळ किंवा घुमटाकार झाकण उलटे ठेवावे, म्हणजे त्याचा सर्वांत खोलगट भाग बरोबर भांड्याच्या वर येईल आणि थंड झालेली वाफ तेथून थेंबाथेंबाने खाली पडेल. काठाच्या फटी मळलेल्या कणकेने बुजवाव्यात. झाकणावर वजन ठेवू नये आणि ते कशानेही आवळू नये, कारण आत दाब वाढलाच तर झाकण सहज उचलले गेले पाहिजे. कन्नौजमध्ये तांब्याच्या देगेचे तोंड माती-कापसाने लिंपून बांबूच्या चोंग्यातून म्हणजे नळीतून वाफ पाण्यात ठेवलेल्या भपक्यात, म्हणजे अर्क जमण्याच्या भांड्यात, नेतात. वाफ निसटू द्यायची नाही आणि थंडावा अखंड ठेवायचा, ही तत्त्वे तेथेही हीच आहेत.

प्रेशर कुकरच्या शिट्टीच्या जागी नळी जोडून अर्क काढण्याची पद्धत बऱ्याच जणांना सोपी वाटते. मी ती टाळण्यास सांगते, कारण फुगलेली पाकळी त्या अरुंद छिद्रात अडकली की वाफेला वाट उरत नाही आणि कुकर फुटण्याचा धोका निर्माण होतो. शिवाय साध्या रबरी नळीचा वास गरम वाफेबरोबर अर्कात उतरतो.

आच मंद ठेवावी. पाणी खळखळून उकळू नये, फक्त हलत राहावे. वरच्या कढईत बर्फ ठेवताना तो सुटा टाकू नये, जाड प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवावा आणि वितळला की पिशवी बदलावी. सुटा बर्फ वितळून कढई भरते, पाणी काठावरून ओघळते, कणकेच्या फटीतून आत शिरते आणि तेच न उकळलेले पाणी अर्कात मिसळते. घरच्या अर्कात लवकर बुरशी येण्याचे हे मला आढळलेले फार नेहमीचे कारण आहे. पाऊण तासाच्या आसपास २०० ते २५० मिलिलिटर अर्क जमतो, म्हणजे पाकळ्यांच्या वजनाइतकाच, आणि तेथेच थांबावे. त्यानंतर येणारे पाणी वासाला पातळ असते आणि पातेले कोरडे पडून करपण्याची भीती असते. नेमका वेळ तुमची शेगडी, पातेले आणि बर्फ यांवर ठरेल, त्यामुळे घड्याळापेक्षा जमलेल्या अर्काकडे पाहावे.

ताज्या अर्काला सुरुवातीला किंचित शिजवलेल्या भाजीसारखा वास येतो. तो खराब झालेला नसतो. फ्रिजमध्ये काही दिवस शांत ठेवल्यावर तो वास मागे पडतो आणि गुलाब पुढे येतो. नवीन शिकणारे नेमके येथेच निराश होऊन चांगला अर्क फेकून देतात.

अर्क थेंबाथेंबाने पडतो तेव्हा तो नुकताच वाफेतून आलेला असतो, म्हणून जवळपास निर्जंतुक असतो. त्याला बिघडवणारे सर्व काही त्यानंतर त्यात जाते, हाताच्या बोटातून, ओल्या गाळणीतून, जुन्या बाटलीतून किंवा तोंड उघडे ठेवल्याने. यामुळे मी पाकळ्या धुण्यापेक्षा बाटल्यांवर अधिक वेळ खर्च करते. काचेच्या लहान बाटल्या आणि गोळा करण्याचे भांडे स्वच्छ धुऊन रिकामेच कुकरमध्ये जाळीवर ठेवावे, शिट्टी झाल्यावर आच कमी करून वीस मिनिटे वाफवावे आणि कुकर आपोआप निवल्यावरच काढावे. बाटलीचे प्लास्टिकचे झाकण आणि स्प्रेचा पंप ही उष्णता सहन करत नाहीत. त्यांसाठी औषधाच्या दुकानात मिळणारे ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल पंपातून काही वेळा मारावे आणि पंप पूर्ण सुकू द्यावा. एकदा बुरशी आलेल्या बाटलीचा पंप मात्र टाकूनच द्यावा, कारण त्याच्या नळीच्या आतला चिकट थर कशानेही खात्रीने निघत नाही. एका मोठ्या बाटलीऐवजी ५० मिलिलिटरच्या चार-पाच बाटल्या भराव्यात, एक वापरात ठेवावी आणि उरलेल्या न उघडता फ्रिजच्या आतल्या भागात ठेवाव्यात. फ्रिजच्या दारात तापमान सारखे बदलते.

आता तुम्ही सुचवलेल्या तीन उपायांकडे येते. व्हिटॅमिन ई तेलात विरघळते, पाण्यावर ते फक्त तरंगत राहील. तेल खवट होण्याचा वेग ते कमी करते, जिवाणूंवर त्याचा काही परिणाम होत नाही. तुरटीने पाणी किंचित आम्ल आणि तुरट होते, परंतु टिकाऊपणासाठी तिच्यावर विसंबता येत नाही आणि कोरड्या त्वचेवर ती चुरचुरते. लिंबाचा रस सर्वांत वाईट. त्यातील साखर आणि गर जंतूंना अन्न पुरवतात, आणि लिंबाचा रस लागलेल्या त्वचेवर ऊन पडल्यास काळे डाग आणि फोडही येऊ शकतात.

परिरक्षक, म्हणजे जंतूंची वाढ रोखणारे द्रव्य, न घालता केवळ स्वच्छतेच्या बळावर केलेला अर्क मी फ्रिजमध्ये दोन-तीन आठवडेच ठेवते आणि उघडलेली बाटली आठवड्यात संपवते. त्याहून जास्त काळ ठेवायचा असेल, तर खरे परिरक्षक वापरण्याचा संकोच करू नये. 'रसायन नको' या आग्रहापायी बुरशीचे पाणी चेहऱ्यावर मारणे यात नैसर्गिक असे काहीही साधत नाही. घरासाठी मी सोडियम बेंझोएट आणि पोटॅशियम सॉर्बेट ही जोडी सुचवते, जी खाद्यपदार्थांतही वापरली जाते. २५० मिलिलिटर अर्कात १ ग्रॅम सोडियम बेंझोएट आणि ०.५ ग्रॅम पोटॅशियम सॉर्बेट विरघळवावे आणि मग सायट्रिक आम्लाचे अगदी थोडे कण घालत सामू (pH, म्हणजे आम्लतेचे माप) ४.५ च्या जवळ आणावा. ही दोन्ही द्रव्ये फक्त आम्ल पाण्यात काम करतात, सामू ६ पर्यंत गेला की ती जवळजवळ निष्प्रभ होतात. गुलाबाचा अर्क मुळात आम्ल असला तरी बेंझोएट घातल्यावर सामू वर सरकतो, म्हणून पट्टीने तपासणी सर्व विरघळल्यानंतरच करावी. सामू ४ च्या खाली नेण्याची गरज नाही, त्वचेचा स्वतःचा सामूही साधारण ५ च्या आसपास असतो. वजनासाठी सोनारकामात वापरतात तसा ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा छोटा काटा लागेल. चमच्याने अंदाजे माप घेऊ नये, आणि काटा नसेल तर परिरक्षक न घालता अर्क लवकर संपवावा. एवढे करूनही ही जोडी सर्व जिवाणूंवर सारखी प्रभावी नाही, त्यामुळे फ्रिज सुटत नाही. अशी बाटली मी दोन महिन्यांपर्यंत वापरते.

पाणी गढूळ झाले, तंतू किंवा चिकट गोळे दिसले किंवा आंबूस वास आला, तर ते टाकावे. गाळून किंवा पुन्हा उकळून वाचवू नये, कारण उकळल्याने जंतू मरतात पण त्यांनी सोडलेले त्रासदायक पदार्थ उरतात. स्वच्छ दिसणारे पाणी नेहमी स्वच्छ असतेच असेही नाही. एका मिलिलिटरमध्ये लाखो जिवाणू असूनही पाणी नितळ दिसू शकते, म्हणूनच बाटलीवर तारीख लिहिण्याचा नियम मी कधीच मोडू देत नाही.

तुमच्या गालांवरील पुरळ कशामुळे आले हे पाण्याकडे पाहून सांगता येणार नाही. बिघडलेले पाणी, फुलांवरील फवारणी किंवा खुद्द गुलाबातील जिरॅनिऑल, सिट्रोनेलॉल यांसारख्या सुगंधी घटकांची ॲलर्जी, यांपैकी काहीही असू शकते. सध्या सर्व बंद करावे, साध्या पाण्याने चेहरा धुवावा आणि काही दिवसांत पुरळ गेले नाही किंवा वाढले तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे. त्वचा पूर्ववत झाल्यावर नवीन अर्क आधी कोपराच्या आतल्या बाजूस दिवसातून दोनदा, सलग आठवडाभर लावून पाहावा. तेथे लाली किंवा खाज आली, तर तो अर्क तुम्हाला मानवत नाही असा अर्थ घ्यावा.

डोळ्यांविषयी मला विशेष आग्रहाने सांगायचे आहे. डोळ्यांत गुलाबपाणी घालण्याची जुनी सवय अनेक घरांत आहे. घरी केलेला अर्क, तो कितीही काळजीपूर्वक केलेला असो, डोळ्यांत घालण्याइतका निर्जंतुक नसतो. दूषित पाण्यातून स्यूडोमोनास जातीच्या जिवाणूंचा संसर्ग बुबुळाला झाल्यास दृष्टी जाऊ शकते. त्यामुळे डोळ्यांत नाही, ओल्या जखमेवर नाही, भाजलेल्या जागी नाही आणि तान्ह्या बाळाच्या त्वचेवरही नाही.

अपेक्षाही योग्य ठेवाव्यात. गुलाबाचा अर्क धुतलेल्या चेहऱ्यावर ताजेपणा आणतो, वास सुंदर असतो आणि ओलसर त्वचेवर लगेच मलम लावल्यास ते चांगले पसरते. डाग घालवणे, रंग उजळवणे किंवा मुरुमे बरी करणे हे त्याचे काम नाही. केवळ अर्क मारून सोडून दिल्यास तो उडून जातो आणि कोरड्या हवेत त्वचा अधिकच ओढल्यासारखी वाटते. कोरड्या त्वचेसाठी १०० मिलिलिटरमध्ये ३ ते ५ मिलिलिटर ग्लिसरीन घालता येईल. एवढ्या प्रमाणात ग्लिसरीन परिरक्षकाचे काम करत नाही, हे लक्षात ठेवावे.

शेवटी, तुम्ही जाता जाता लिहिले आहे की जमले तर मैत्रिणींना थोडे विकण्याचा विचार आहे. घरच्यांसाठी करणे वेगळे आणि विकणे वेगळे. सौंदर्यप्रसाधन विक्रीसाठी तयार करण्यास औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० आणि सौंदर्यप्रसाधने नियम, २०२० यांनुसार उत्पादनाचा परवाना लागतो. त्यासाठी वेगळी जागा, नोंदी आणि तपासण्या आवश्यक असतात आणि स्वयंपाकघरातील पातेल्यावर त्या पूर्ण करता येत नाहीत. तो विचार गंभीर असेल तर आपल्या जिल्ह्यातील अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात अटींची चौकशी आधी करावी आणि भांड्यांवरचा खर्च नंतर.